धातूंचे नॅनोकण आणि पिकांवरील विषाणुरोग

भंडारा जिल्हा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा म्हणून सर्वत्र ओळखला जातो. धान घरची कोठी भरते. परंतु वैनगंगेच्या काठच्या गावांतून आणि पवनी, मोहाडी या तालुक्यांतून हाती रोख पैसा येतो तो बऱ्याच अंशी मिरची, वांगी, टोमॅटो आणि भेंडी या पिकांपासून. मुलांच्या शाळेचा खर्च, लग्नकार्य, सोसायटीचे कर्ज हे सारे याच पैशावर भागवावयाचे असते. या पिकांचे अनेक शत्रू आहेत. त्यांपैकी किडींवर औषध आहे, बुरशीवर औषध आहे. विषाणुरोग मात्र एकदा झाडात शिरला म्हणजे ते झाड बरे करणारे औषध अद्याप शेतकऱ्याच्या हाती आलेले नाही. मिरचीचा विषाणुजन्य चुरडा-मुरडा, भेंडीचा हळद्या, मूग-उडदाचा पिवळा केवडा आणि पपईचा वलयांकित ठिपक्यांचा रोग हे सर्व या वर्गात मोडतात.

डोळ्यांदेखत पीक आखडत असता स्वस्थ बसणे कोणाही कष्टकरी माणसास जमत नाही. अशा वेळी तो जो कोणी खात्रीचे औषध देऊ करील त्याच्याकडून ते घेतो. २०२१ साली नॅनो युरिया बाजारात आल्यापासून ‘नॅनो’ हा शब्द खेड्यापाड्यांतून परिचयाचा झाला आहे. नॅनो युरिया हे खत आहे. त्याचा विषाणूंशी काही संबंध नाही. परंतु त्या शब्दाच्या आधाराने ‘नॅनो चांदी’, ‘नॅनो तांबे’ अशी नावे घेऊन विषाणू मारण्याची हमी देणाऱ्या बाटल्याही शेतकऱ्यापुढे येऊ लागल्या आहेत. या बोलण्यात तथ्य किती, हे समजून घेणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे. धातूंचे अतिसूक्ष्म कण विषाणूंवर परिणाम करतात, ही गोष्ट खरी आहे. तो परिणाम कसा होतो आणि कोठे होतो हे एकदा ध्यानात आले म्हणजे कोणत्या कामी त्यांचा उपयोग संभवतो आणि कोणत्या कामी नाही, हे शेतकऱ्यास स्वतःच ठरविता येईल.

विषाणू म्हणजे काय

बुरशी आणि जिवाणू हे सजीव आहेत. ते अन्न घेतात, वाढतात आणि स्वतःच्या बळावर आपली संख्या वाढवितात. विषाणूचे तसे नाही. आनुवंशिक द्रव्याचा एक धागा आणि त्याभोवती प्रथिनांचे वेष्टन, एवढाच त्याचा संसार. काही विषाणूंना याबाहेर मेदाचे आणखी एक आवरण असते. पेशीच्या बाहेर विषाणू जवळजवळ निर्जीव वस्तूसारखा पडून राहतो. पेशीत शिरला म्हणजे मात्र तो तिची सारी यंत्रणा ताब्यात घेतो आणि तिच्याकडूनच आपल्यासारखे हजारो विषाणू तयार करवून घेतो.

विषाणूंचा शोध वनस्पतींच्या रोगामुळेच लागला, ही गोष्ट शेतकऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. तंबाखूच्या रोगट पानांचा रस, जिवाणू अडवून धरणाऱ्या चिनी मातीच्या गाळणीतून गाळला तरी तो रोग पसरवितो, असे रशियातील शास्त्रज्ञ इव्हानोव्हस्की यांनी १८९२ साली दाखवून दिले. १८९८ साली हॉलंडमधील बायेरिंक यांनी हे रोगबीज जिवाणूंहून वेगळे आहे असे प्रतिपादन केले. आपल्याकडे मुंबई इलाख्यात भेंडीवरील हळद्या रोगाची नोंद १९२४ साली झालेली आहे.

विषाणूला स्वतःचा जीवनव्यवहार नसल्यामुळे त्याला मारणे कठीण जाते. बुरशीनाशक औषध बुरशीच्या जीवनव्यवहारात बिघाड करून तिला मारते. विषाणूचा व्यवहार म्हणजे झाडाच्या पेशीचाच व्यवहार. तो बिघडविला तर झाडही बिघडते. म्हणून विषाणूवर घाला घालावयाचा तर तो पेशीत शिरण्यापूर्वी, बाहेर असतानाच घातला पाहिजे. पुढील सर्व विवेचनाचा पाया हाच आहे.

नॅनोकण केवढा असतो

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले असता त्यांतील एका भागास एक नॅनोमीटर म्हणतात. साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटर या मापाच्या कणांना नॅनोकण ही संज्ञा आहे. तंबाखूच्या केवड्याचा विषाणू काडीसारखा असून त्याची लांबी ३०० आणि जाडी १८ नॅनोमीटर असते. सहा मिलिमीटर लांबीच्या तांदळाच्या एका दाण्यावर असे विषाणू टोकास टोक लावून मांडले तर वीस हजार विषाणू एका ओळीत बसतील. १० नॅनोमीटरचा चांदीचा कण या विषाणूच्या जाडीहूनही लहान असतो. तेव्हा हा कण विषाणूच्या अंगास जाऊन चिकटू शकतो, ही कल्पना सहज करता येईल.

लहानपणाचा दुसरा लाभ पृष्ठभागाचा आहे. एक सेंटिमीटर लांबी, रुंदी आणि उंची असलेला चांदीचा ठोकळा घेतला तर त्याचे वजन साडेदहा ग्रॅम, म्हणजे सुमारे एक तोळा भरेल. त्याच्या सहा बाजूंचा एकूण पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढा असतो. हाच ठोकळा १० नॅनोमीटरच्या ठोकळ्यांत विभागला, तर तेवढ्याच चांदीचा पृष्ठभाग ६०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे होतो. धातूची सारी क्रिया त्याच्या पृष्ठभागावर घडते. एक तोळा चांदी सहा गुंठ्यांवर पसरली म्हणजे तिचे सामर्थ्य किती पटींनी वाढते, हे वेगळे सांगावयास नको.

तांबे, पितळ आणि चांदी यांचा जुना अनुभव

भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. पिण्याचे पाणी तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवण्याची चाल आपल्याकडे आहे. अतिशय थोड्या प्रमाणातील धातू सूक्ष्म जिवांस मारक ठरतो, या गुणाचे शास्त्रीय वर्णन स्वित्झर्लंडमधील वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांचे असून ते १८९३ साली प्रसिद्ध झाले. फ्रान्समध्ये १८८५ साली मिलार्दे यांनी मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण द्राक्षांच्या केवड्यावर उपयोगात आणले. तेच आजचे बोर्डो मिश्रण होय. बोर्डो मिश्रण बुरशीवर चालते, विषाणूवर नव्हे, याचे कारण पुढे येईल.

विषाणूंच्या बाबतीत धातूच्या पृष्ठभागाचा अनुभव अलीकडे तपासून पाहण्यात आला. २०१५ साली इंग्लंडमधील संशोधकांनी मनुष्यास सर्दी करणारा एक करोना विषाणू तांब्यावर आणि तांब्याचे प्रमाण पुरेसे असलेल्या मिश्रधातूंवर ठेवून पाहिला. तो काही मिनिटांतच निष्क्रिय झाला. २०२० साली कोविडच्या विषाणूवर अमेरिकेत जे प्रयोग झाले, त्यांत प्लॅस्टिक आणि पोलाद यांवर तो दोन ते तीन दिवसांपर्यंत जिवंत आढळला. तांब्यावर मात्र चार तासांनंतर आढळला नाही.

या प्रयोगांतून दोन गोष्टी शिकावयाच्या आहेत. एक, धातूचा विषाणूशी प्रत्यक्ष संपर्क आला पाहिजे. तांब्याच्या भांड्यास कल्हई केली म्हणजे आत कथिलाचा थर बसतो आणि तांब्याचा हा गुण आतील वस्तूस मिळत नाही. दुसरी, संपर्क काही काळ टिकला पाहिजे. धातूचा तुकडा असो वा त्याचा नॅनोकण असो, या दोन अटी सुटत नाहीत.

महाराष्ट्रातील संशोधन

या विषयात आपल्या राज्याचा वाटा मोठा आहे. चांदीचे नॅनोकण रासायनिक रीतीने तयार करता येतात. परंतु पुणे येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी ‘फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम’ या बुरशीकडून ते तयार करवून घेतले. हे संशोधन २००३ साली प्रसिद्ध झाले. हरभऱ्याचा मर रोग करणारी बुरशी याच जातीची आहे, हे वाचून शेतकऱ्यांस नवल वाटेल. ही बुरशी चांदीच्या क्षाराच्या द्रावणात ठेवली असता तिने बाहेर टाकलेली द्रव्ये त्या क्षारातील चांदीचे सूक्ष्म कण बनवितात आणि त्या कणांभोवती प्रथिनांचा पातळ थर बसून ते एकमेकांस चिकटत नाहीत.

आपल्या विदर्भात, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या जैवतंत्रज्ञान विभागात डॉ. महेंद्र राय आणि त्यांचे सहकारी यांनी हे काम पुढे नेले. पाने करपविणारी अल्टरनेरिया, धानाच्या दाण्यावर डाग पाडणाऱ्या बुरशींपैकी कर्व्हुलॅरिया, तसेच फ्युजॅरियम, फोमा आणि किटोमियम अशा बुरशींपासून त्यांनी चांदीचे नॅनोकण तयार केले आणि इटलीतील नेपल्स येथील संशोधकांच्या सहकार्याने ते विषाणूंवर तपासले. हे विषाणू मनुष्यास होणाऱ्या नागिणीसारख्या फोडांच्या रोगाचे दोन प्रकार आणि श्वसनमार्गाच्या रोगाचा एक प्रकार असे होते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसून आले की, या कणांमुळे विषाणूंची पेशीस लागण करण्याची शक्ती कमी होते, लहान आकाराचे कण अधिक परिणामकारक ठरतात, आणि हा परिणाम बहुधा विषाणू व पेशी यांची गाठ पडू न दिल्यामुळे होतो. याच गटाने इटालियन सहकाऱ्यांसह धातूंच्या नॅनोकणांस विषाणूविरुद्धची ‘ढाल’ असे संबोधून या विषयाचा विस्तृत आढावाही प्रसिद्ध केला आहे.

‘ढाल’ हा शब्द येथे ध्यानात घेण्यासारखा आहे. ढाल घाव अडविते. लागलेला घाव ती भरून काढीत नाही. शिवाय हे प्रयोग काचेच्या भांड्यात वाढविलेल्या पेशींवर झालेले आहेत, शेतातील पिकावर नव्हे.

नॅनोकण विषाणूवर कसे कार्य करतात

आजवरच्या संशोधनावरून या कार्याचे चार प्रकार सांगता येतात.

(१) वाट अडविणे. विषाणू पेशीस चिकटतो तो आपल्या पृष्ठभागावरील ठराविक प्रथिनांच्या साहाय्याने. ही प्रथिने म्हणजे जणू कुलपात बसणाऱ्या किल्ल्या होत. चांदीचा गंधकाकडे ओढा असतो. चांदीची भांडी काळवंडतात तीही गंधकाच्या संयोगानेच. प्रथिनांत गंधकयुक्त भाग असल्यास चांदीचा कण तेथे जाऊन बसतो आणि किल्ली निकामी होते. २००५ साली मेक्सिको आणि अमेरिका येथील संशोधकांनी एड्सच्या विषाणूवर हा प्रकार दाखविला. १ ते १० नॅनोमीटर मापाचेच कण त्या विषाणूस चिकटले, त्याहून मोठे चिकटले नाहीत.

(२) धातूचे आयन सोडणे. ओलाव्यात कणाच्या पृष्ठभागावरून विद्युत्भारित अणू, म्हणजे आयन, हळूहळू सुटत राहतात. ते विषाणूच्या प्रथिनांस आणि आनुवंशिक द्रव्यास बांधले जाऊन त्यांची घडण बिघडवितात.

(३) प्राणवायूची तीव्र रूपे निर्माण करणे. तांबे आणि जस्ताचे ऑक्साइड यांच्या सान्निध्यात प्राणवायूची अतिशय क्रियाशील रूपे तयार होतात. ती विषाणूचे आवरण आणि आतील धागा तोडतात.

(४) झाडाची प्रतिकारशक्ती जागी करणे. हा प्रकार केवळ वनस्पतींच्या बाबतीतला आहे. काही धातूंचे कण पानात गेल्यावर झाडास एक प्रकारचा इशारा मिळतो आणि ते आपली संरक्षक द्रव्ये अधिक प्रमाणात तयार करू लागते.

पहिले तीन प्रकार विषाणू पेशीबाहेर असतानाच लागू पडतात. चौथ्यात कण विषाणूस मारीत नाही, तर झाडास सावध करतो.

वनस्पतींवरील प्रयोग

तंबाखूच्या कुळातील एका वनस्पतीवर चीनमध्ये प्रयोग झाले आहेत. त्यांत जस्ताच्या ऑक्साइडचे नॅनोकण तंबाखूच्या केवड्याच्या विषाणूवर सरळ परिणाम करतात आणि पानांवर फवारले असता झाडाची प्रतिकारशक्तीही वाढवितात, असे आढळले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात बाकला या शेंगपिकावर पिवळ्या केवड्याचा विषाणू चोळून २४ तासांनी चांदीच्या नॅनोकणांची फवारणी केली असता रोगाची तीव्रता बरीच कमी झाली.

हे निष्कर्ष आशादायक आहेत, यात शंका नाही. परंतु ते वाचताना प्रयोगाची रीत पाहिली पाहिजे. या प्रयोगांत झाडे कुंडीत, बंदिस्त जागेत वाढविलेली असतात. विषाणू पानावर हाताने चोळून घातलेला असतो, त्यामुळे लागण कोणत्या दिवशी आणि कोणत्या पानास झाली हे ठाऊक असते. फवारणीची वेळ त्यावरून साधता येते. शेतात असे होत नाही.

शेतात अडचण कोठे येते

मिरचीच्या चुरडा-मुरडा विषाणूचे उदाहरण घेऊ. हा विषाणू पांढऱ्या माशीमार्फत पसरतो. रोगट झाडाचा रस शोषून घेतलेली माशी पुढे अनेक दिवस विषाणू बाळगते. ती निरोगी झाडावर बसते तेव्हा आपली बारीक सोंड पानाच्या आत खुपसून थेट रसवाहिनीपर्यंत नेते आणि लाळेबरोबर विषाणू तेथेच सोडते. तो पानाच्या पृष्ठभागावर पडून राहत नाही. पानावर फवारलेला कण वर, आणि विषाणू आत. दोघांची गाठच पडत नाही.

बोर्डो मिश्रण बुरशीवर का चालते आणि विषाणूवर का चालत नाही, याचे उत्तर येथे मिळते. बुरशीचे बीज वाऱ्याने येऊन पानावर पडते, तेथे रुजते आणि मग आत शिरते. पानावरील तांब्याचा थर त्यास रुजतानाच गाठतो. पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू या पहाऱ्याच्या हातीच लागत नाही.

दुसरी अडचण वेळेची. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बरेच दिवस जातात. शेंडा आखडलेला दिसतो तेव्हा विषाणू झाडभर पसरलेला असतो.

तिसरी अडचण कणांच्या स्वभावाची. प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यात सुटे राहणारे कण विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यात एकमेकांस चिकटून गोळे बनतात. चांदीचा क्लोराइडशी संयोग होतो. धूळ, पानावरील मेण आणि इतर औषधे यांमुळेही कणांचा पृष्ठभाग व्यापला जातो. कणांचे गोळे झाले म्हणजे वर सांगितलेले सहा गुंठे पुन्हा आकसून जातात.

तलाव, बोड्या आणि माती यांचा विचार

आपल्या जिल्ह्यात माजी मालगुजारी तलाव, ज्यांस आपण मामा तलाव म्हणतो, आणि शेतोशेतीच्या बोड्या फार आहेत. बांधीतील पाणी एका बांधीतून दुसरीत आणि शेवटी तलावात किंवा नाल्यात जाते. याच पाण्यावर ढीवर बांधवांची मासेमारी चालते. चांदी आणि तांबे यांचे आयन मासे, त्यांची पिले आणि त्यांचे सूक्ष्म खाद्य यांस अतिशय थोड्या प्रमाणातही घातक असतात. जो गुण विषाणूविरुद्ध उपयोगी, तोच येथे अपायकारक ठरतो. कारण धातूस शत्रू आणि मित्र असा भेद कळत नाही. धानाच्या बांधीत नत्र स्थिर करणारी निळी-हिरवी शेवाळे आणि जमिनीतील उपयुक्त जिवाणू यांनाही हीच गोष्ट लागू आहे.

साचलेल्या पाण्याखालील चिखलात चांदीचा गंधकाशी संयोग होऊन तिची तीव्रता पुष्कळ कमी होते, हे खरे आहे. तरी धातू हा धातूच राहतो. तो कुजून नाहीसा होत नाही. वर्षानुवर्षे टाकलेला धातू जमिनीत साठतच जातो. म्हणून कोणत्याही धातूची फवारणी शिफारशीवाचून आणि प्रमाणावाचून करणे इष्ट नाही.

प्रथम रोग ओळखावा

पाने वळली म्हणजे विषाणूच झाला, असे समजण्याची चूक पुष्कळदा होते. मिरचीची पाने तीन वेगवेगळ्या कारणांनी वळतात.

फुलकिड्यांमुळे पानांच्या कडा वरच्या बाजूस वळतात आणि पानावर खरचटल्यासारखे डाग पडतात. शेंडा पांढऱ्या कागदावर झटकला असता बारीक, लांबट किडे पडतात.

कोळ्यांमुळे पाने खालच्या बाजूस वळून उलट्या होडीसारखी दिसतात आणि देठ लांबतात.

विषाणूमुळे पाने लहान राहतात, वर वळतात, शिरा जाड होतात, पेरे आखूड होतात आणि झाड खुरटून झुडपासारखे दिसते. अशा झाडास फळे क्वचितच धरतात.

पहिल्या दोन प्रकारांत योग्य औषधाने नवी पालवी चांगली येते. नेमकी हीच गोष्ट फसवणुकीस कारण होते. कीड औषधाने वा पावसाने कमी होते, पालवी सुधारते, आणि त्याचे श्रेय ‘विषाणूनाशक’ बाटलीस मिळते. वांग्यावरील पर्णगुच्छ रोगासही पुष्कळजण विषाणुरोग समजतात. परंतु तो विषाणूपासून होत नाही, फायटोप्लाझ्मा या वेगळ्या सूक्ष्म जिवापासून होतो आणि तुडतुडे त्याचा प्रसार करतात. धानाचा कडा करपा हा जिवाणूंचा रोग आहे. निदान चुकले तर पुढचा सारा खर्च व्यर्थ जातो.

आज करावयाचे उपाय

विषाणू पेशीत शिरण्यापूर्वीच अडवावयाचा, हे तत्त्व नॅनोकणांच्या अभ्यासातून आपण पाहिले. पुढील उपाय त्याच तत्त्वावर उभे आहेत आणि ते आज प्रत्येकास करता येण्याजोगे आहेत.

(१) रोपवाटिका बारीक छिद्रांच्या नायलॉन जाळीखाली करावी. लहानपणी लागण झालेले झाड सर्वांत अधिक नुकसान करते. म्हणून हे पहिले दिवस सांभाळणे सर्वांत महत्त्वाचे.

(२) जुन्या मिरची, टोमॅटो वा भेंडीच्या रोगट पिकाजवळ नवी लागवड करू नये. काढणी संपलेले पीक शेतात उभे ठेवू नये, कारण ते पांढऱ्या माशीचे आणि विषाणूचे माहेरघर होते. बांधावरील तणेही काढावीत.

(३) शेताभोवती मका किंवा ज्वारीच्या दाट ओळी लागवडीपूर्वीच पेराव्यात. बाहेरून येणाऱ्या माशा त्यांवर अडतात.

(४) पिवळे चिकट सापळे लावून माशीची संख्या पाहत राहावे आणि ती वाढू लागताच शिफारस केलेले औषध शिफारशीच्याच प्रमाणात वापरावे. एकच औषध पुनःपुन्हा वापरू नये.

(५) आरंभी तुरळक रोगट झाडे दिसताच ती उपटून शेताबाहेर नष्ट करावीत. उपटताना मन कचरते. पण एक झाड राखण्याच्या लोभाने शंभर झाडे जातात.

(६) रोगास दाद न देणारे किंवा सहन करणारे वाण निवडावेत. भेंडीत ‘परभणी क्रांती’ हे वाण हळद्यास प्रतिकार करण्यासाठीच काढण्यात आले. वाणाची प्रतिकारशक्ती कालांतराने कमी होऊ शकते, म्हणून सध्याची शिफारस विचारून घ्यावी.

(७) तंबाखूच्या केवड्याचा विषाणू हात आणि अवजारे यांच्या स्पर्शाने पसरतो. तंबाखू वा विडी हाताळल्यानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय मिरची-टोमॅटोच्या रोपांस हात लावू नये.

शेवटच्या उपायाचा विचार केल्यास एक गोष्ट दिसून येईल. जेथे विषाणू हातावर, सुरीवर, भांड्यावर, म्हणजे उघड्या पृष्ठभागावर असतो, तेथेच धातूच्या कणांचे कार्य खरोखर साधण्यासारखे आहे. अवजारे, पाणी गाळण्याची साधने आणि रोपवाटिकेतील वापराच्या वस्तू यांच्या शुद्धीसाठी त्यांचा उपयोग अधिक संभवनीय आहे. झाडाच्या रसवाहिनीत शिरलेल्या विषाणूपर्यंत पोचण्याचे काम अजून संशोधकांचे आहे, शेतकऱ्याच्या पंपाचे नव्हे.

बाटली घेण्यापूर्वी

१९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली पीकसंरक्षणाच्या औषधाची केंद्रीय नोंदणी समितीकडे नोंदणी व्हावी लागते. नोंदणी क्रमांक, औषधी घटकाचे नाव व प्रमाण, कोणत्या पिकावर आणि कोणत्या रोगावर वापरावयाचे, हे सर्व वेष्टनावर असावे लागते. नॅनो प्रकारच्या कृषी निविष्ठांची परिणामकारकता आणि सुरक्षितता कशी तपासावी याची मार्गदर्शक तत्त्वेही केंद्र सरकारने २०२० साली प्रसिद्ध केली आहेत. तेव्हा विक्रेत्यास पुढील तीन प्रश्न निःसंकोचपणे विचारावेत. नोंदणी क्रमांक कोठे आहे? माझे पीक आणि माझा रोग वेष्टनावर छापलेला आहे काय? पक्की पावती मिळेल काय? यांपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असे आले तर पैसे खिशातच ठेवावेत. विषाणुरोगासंबंधी कृषी विद्यापीठांच्या शिफारशींचा भर वाहक किडींचा बंदोबस्त, निरोगी रोपे आणि प्रतिकारक वाण यांवर आहे. शंका आल्यास रोगट फांदी कागदात गुंडाळून साकोली येथील कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुका कृषी अधिकाऱ्याकडे न्यावी आणि निदान झाल्यावरच खर्च करावा.

सारांश

चांदी, तांबे आणि जस्त यांचे नॅनोकण विषाणूस चिकटून, आयन सोडून आणि प्राणवायूची तीव्र रूपे निर्माण करून त्यास निष्क्रिय करतात. वनस्पतीची प्रतिकारशक्तीही काही कण वाढवितात. या संशोधनात पुणे आणि अमरावती येथील शास्त्रज्ञांनी मोलाची भर घातली आहे. परंतु हे कार्य संपर्कानेच होते आणि मुख्यतः विषाणू पेशीबाहेर असतानाच होते. कीटकाने रसवाहिनीत सोडलेल्या विषाणूवर पानावरील फवारा पोचत नाही. म्हणून रोगट मिरचीवर नॅनो धातूची बाटली रिकामी करण्याऐवजी तोच पैसा पुढील हंगामात रोपवाटिकेच्या जाळीवर खर्च करणे अधिक हितावह आहे.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. बुरशी आणि विषाणू यांत मुख्य फरक कोणता? बोर्डो मिश्रण विषाणूवर का चालत नाही?

२. एक तोळा चांदीचे अतिसूक्ष्म कण केले असता तिचे सामर्थ्य का वाढते?

३. आपल्या गावातील मिरचीची पाने कोणत्या कारणाने वळली आहेत? प्रत्येकाने आपल्या शेतातील एक फांदी आणून फुलकिडे, कोळी आणि विषाणू यांची लक्षणे ताडून पाहावीत.

४. आपल्या बांधीतील पाणी शेवटी कोणत्या तलावात जाते? त्या तलावावर कोणाकोणाची उपजीविका चालते?

५. गतवर्षी ‘विषाणूनाशक’ म्हणून गावात किती रुपयांची औषधे आली आणि त्यांपैकी किती बाटल्यांवर नोंदणी क्रमांक होता? तेवढ्याच पैशात किती वाफ्यांना जाळी घालता आली असती, याचा हिशेब मांडावा.